दाखला कीं दिलासा?

वर्धा नदीच्या कांठचें घुग्घुस हें गांव आमच्या वाचकांपैकीं थोड्यांनींच पाहिलें असेल. चंद्रपुराहून मोटारीनें निघालें असतां तासाभराच्या आंत तें लागतें. कोळशाच्या खाणी, सिमेंटचा कारखाना, स्पंज आयर्नची भट्टी. यांच्या धुराळ्यानें झाडांचीं पानें हिरवीं आहेत कीं काळीं हें पावसाळा येईपर्यंत सांगतां येत नाहीं. नोकरीनिमित्त निरनिराळ्या प्रांतांतून लोक येथें येऊन राहिले, त्यामुळें एकाच ओळीच्या घरांत मराठी, तेलुगु आणि हिंदी या तिन्ही भाषा कानीं पडतात. अशा या गांवीं आमची धाकटी बहीण दिलेली आहे. घर एकत्र कुटुंबाचें. सासूबाई, मेहुणे, त्यांचे दोघे भाऊ, जावा, मुलेंबाळें मिळून दहा माणसें. त्या घरांतील एका मुलाच्या निमित्तानें आम्हांस जें पाहावें लागलें, पुढें जें वाचावें लागलें, आणि ज्यांत आमच्या हातून एक मोठी चूक झाली, तें सर्व वाचकांपुढें मांडावें असें पुष्कळ दिवस मनांत होतें. बहिणीची व त्या मुलाची संमति मिळाली, म्हणून आज लिहितों.

मुलगा म्हणून जन्मलेलें, मुलगा म्हणून वाढविलेलें, आठव्या वर्षीं यथासांग मुंज झालेलें हें मूल एकोणिसाव्या वर्षीं एका दुपारीं आईजवळ बसून म्हणालें कीं, आपण मुलगा नाहीं, कधींच नव्हतों. मराठीनें ‘मूल’ आणि ‘लेंकरूं’ हे दोन शब्द नपुंसकलिंगी ठेविले आहेत, ही आमच्यासारख्या लेखकाची सोयच झाली आहे. ती आम्ही या लेखापुरती घेतों.

परंतु जी सोय लिहिणारास आहे ती बोलणारास नाहीं. इंग्रजी बोलणारा मनुष्य आपण आलों, गेलों, जेवलों, असें खुशाल सांगतो, आणि तेवढ्यावरून तो पुरुष कीं स्त्री हें उघड होत नाहीं. मराठींत तें पहिल्या क्रियापदालाच उघड होतें. ‘मी आलों’ किंवा ‘मी आलें’ यांतून एक निवडल्यावांचून आपल्याला स्वतःविषयीं एक वाक्यहि धड बोलतां येत नाहीं. बहिणीच्या या लेंकरानें त्यावर तोड काढली होती. दोन-तीन वर्षें तें ‘आम्ही’ म्हणूं लागलें होतें. आम्ही जेवलों, आम्ही उद्यां जातों. अनेकवचनांत भेद लपतो. घरांत सर्वांस ती थट्टा वाटली. धाकटे काका तर ‘संस्थानिकांची स्वारी आज कुठं?’ म्हणून विचारीत. आम्ही स्वतः लेखकी थाटानें जन्मभर ‘आम्ही’ लिहीत आलों. पण त्या शब्दाच्या आड एखादें माणूस जीव मुठींत धरून बसलेलें असेल हें आमच्या स्वप्नांतहि आलें नाहीं.

पुढें घरांत जें झालें तें विस्तारानें लिहिण्याची गरज नाहीं. रडारड झाली, पत्रिका पाहिली, कोणी सांगितलें म्हणून एका देवऋष्याकडे दोन खेपा झाल्या. मेहुणे एकच प्रश्न धरून बसले कीं, आम्हीं याची मुंज लावली ती काय खोटी? शेवटीं बहिणीनें आम्हांस फोन केला. चार पुस्तकें वाचलेला माणूस म्हणून अशा वेळीं मामाची आठवण होते.

वैद्यकाचा मार्ग कसा असतो हें त्या वेळीं आम्हांस ठाऊक नव्हतें. मागाहून समजून घेतलें तें असें. शरीर ज्या लिंगाचें आहे त्या लिंगाचे आपण नाहीं, ही जाणीव ज्यांस दीर्घकाळ व तीव्रपणें असते, त्यांपैकीं कांहींचें नांव व वेष बदलल्यानें समाधान होतें. कांहींस हॉर्मोन घ्यावे असें वाटतें. कांहींस शस्त्रक्रिया हवी असते. हॉर्मोन देणारा वैद्य निराळा, शस्त्रक्रिया करणारा निराळा. पण या दोघांच्या दारापूर्वीं एक खोली लागते, ती मानसोपचारतज्ज्ञाची. त्याच्या पत्रावांचून पुढचें दार बहुधा उघडत नाहीं. हा शिरस्ता मूळचा आपला नव्हे. हॅरी बेंजामिन या जर्मनींत जन्मलेल्या अमेरिकन वैद्याच्या नांवानें १९७९ सालीं एक आंतरराष्ट्रीय मंडळ निघालें. त्यानें या उपचारांचे दंडक लिहून काढले आणि तेच वेळोवेळीं सुधारून देशोदेशीं चालत आले. २०११ सालच्या सातव्या आवृत्तीप्रमाणें जननेंद्रियांच्या शस्त्रक्रियेस दोन तज्ज्ञांचीं पत्रें लागत, आणि त्यापूर्वीं सलग बारा महिने इच्छित लिंगाच्या रीतीनें समाजांत राहून दाखवावें लागे. २०२२ सालच्या आठव्या आवृत्तीनें एक पत्र पुरेसें मानलें. जागतिक आरोग्य संघटनेनें तर २०१९ सालीं संमत केलेल्या व १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आलेल्या आपल्या रोगसूचींत ही अवस्था मनोविकारांच्या प्रकरणांतून उचलून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणांत ठेविली. मनोविकार नव्हे असें ठरलें, तरी मनोवैद्याची खोली जेथल्या तेथें राहिली.

त्या बारा महिन्यांच्या अटीविषयीं एक गोष्ट बोलल्यावांचून राहवत नाहीं. ती लिहिणारांच्या डोळ्यांपुढें एखादें महानगर असावें, जेथें एका पेठेंतून दुसऱ्या पेठेंत बिऱ्हाड हलविलें कीं माणूस नवें होतें. घुग्घुसास दूध घालणारा, गिरणीवाला, खाणीच्या फाटकावरचा पहारेकरी हे सर्व त्या मुलास त्याच्या वडिलांच्या नांवानें ओळखतात. तेथें बारा महिने राहून दाखविणें ही परीक्षा त्या मुलाची नव्हे. ती सबंध गांवाची परीक्षा आहे, आणि तींत गांव नापास झालें तर वर्ष मात्र मुलाचें फुकट जावयाचें.

खोली असूंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. मनांत दुसरा कांहीं आजार दडलेला नाहीं ना, हें कोणीतरी पाहिलेंच पाहिजे. हॉर्मोनांचे कांहीं परिणाम मागे फिरत नाहींत, मूल होण्याची शक्ति जाऊं शकते, हें समजून-उमजून माणूस निर्णय घेत आहे ना, याचीहि खात्री हवी. आणि याहून मोठें काम म्हणजे इतक्या वर्षांचा भार कोणाजवळ तरी उतरवून ठेवण्यास जागा हवी. हीं दोन्ही कामें चांगलीं. तीं एकाच माणसानें, एकाच बैठकींत, एकाच टेबलामागून करावींत, येथें मात्र घोटाळा होतो. आणि तो आम्हीं आमच्या डोळ्यांनीं पाहिला.

आतां आमची चूक. एका मोठ्या शहरांतील नामांकित मानसोपचारतज्ज्ञांकडे आम्हीं वेळ ठरविली, मुलास घेऊन गेलों, आणि त्याच्याबरोबर आंत जाऊन त्याच्या शेजारीं खुर्ची ओढून बसलों. डॉक्टरांनीं मुलाकडे पाहून प्रश्न विचारावा आणि उत्तर आम्हीं द्यावें, असा प्रकार पाऊण तास चालला. लहानपणीं खेळ कोणते? आम्हीं सांगितले. मित्र कोण? आम्हीं सांगितले. हें केव्हांपासून? तेंहि, ठाऊक नसतां, आम्हींच सांगितलें. डॉक्टरहि मग आमच्याशींच बोलूं लागले. आमचें इंग्रजी त्यांस सोयीचें वाटलें असावें. शेवटीं झोपेच्या गोळ्या लिहून देऊन सहा महिन्यांनीं येण्यास सांगितलें, आणि आम्हांस बाजूला घेऊन हलक्या आवाजांत म्हणाले कीं, लग्न झालें म्हणजे पुष्कळदां सर्व जागेवर येतें. खरें सांगावयाचें तर तें ऐकून आम्हांस बरें वाटलें. परतीच्या गाडींत वरोरा मागें पडेपर्यंत मूल खिडकीबाहेर पाहत होतें. मग म्हणालें, “मामा, सगळं तुम्हीच सांगितलंत. आम्ही आत गेलोच नाहीं.”

त्या एका वाक्यामुळें आम्ही या विषयावर जें मिळेल तें वाचूं लागलों. वाचतां वाचतां अमेरिकेंतील एक जुनें प्रकरण हातीं लागलें. १९५८ सालीं लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांतील मानसोपचार विभागांत रॉबर्ट स्टोलर यांच्याकडे एकोणीस वर्षांची एक टंकलेखिका आली. ग्रंथांतून तिचें नांव ‘अॅग्नेस’ असें बदलून दिलेलें आहे. जन्मानें ती मुलगा. पण शरीराची ठेवण, त्वचा, छाती, सर्व स्त्रीसारखें. तिचें म्हणणें एवढेंच कीं, वयांत येतांना हें आपोआप असें झालें. डॉक्टरांनीं रक्त तपासलें, ग्रंथि तपासल्या, महिनोगणती मुलाखती घेतल्या. हॅरॉल्ड गार्फिंकल नांवाच्या समाजशास्त्रज्ञानें तिच्याशीं सुमारें पस्तीस तास संभाषण केलें. निसर्गाचाच हा दुर्मिळ अपघात आहे असा सर्वांचा निर्णय झाला, आणि १९५९ सालीं तिची शस्त्रक्रिया झाली. स्वतःहून शरीर बदलूं इच्छिणाऱ्या पुरुषावर अशी शस्त्रक्रिया त्या काळीं तेथें झाली नसती. निसर्गाची चूक दुरुस्त करण्यास मात्र कोणाची हरकत नव्हती. १९६६ सालीं, म्हणजे आठ वर्षांनीं, ती पुन्हां स्टोलर यांजकडे आली आणि बोलतां बोलतां सहज म्हणाली कीं, आईस शस्त्रक्रियेनंतर लिहून दिलेल्या स्त्री-हॉर्मोनच्या गोळ्या ती बाराव्या वर्षापासून चोरून घेत होती. गार्फिंकलचा ग्रंथ १९६७ सालीं निघाला, त्यांत हा कबुलीजबाब त्याला परिशिष्ट म्हणून जोडावा लागला.

या गोष्टीवर हंसणारे हंसतात, कीं एका पोरीनें एवढ्या मोठ्या विद्वानांस बनविलें. आम्हांस मात्र ती वाचून त्या मुलीची दया आली. पस्तीस तास एक मनुष्य समोर बसून ऐकत आहे, आणि त्यास खरें म्हणून एक अक्षर सांगतां येत नाहीं. कारण जो ऐकतो त्याच्याच हातीं कुलपाची किल्ली.

बेंजामिन यांनीं स्वतः १९६६ सालीं या विषयावर एक ग्रंथ लिहिला. अशा व्यक्तींचीं लक्षणें कोणतीं, बालपण कसें असतें, हें त्यांत वर्णिलें होतें. पुढें पुष्कळ वर्षें दवाखान्यांतील तज्ज्ञांस नवल वाटे कीं, येणारा प्रत्येक मनुष्य बेंजामिनच्या वर्णनाशीं तंतोतंत जुळतो. ग्रंथ किती अचूक! सँडी स्टोन या विदुषीनें, जी स्वतः याच वाटेनें गेलेली होती, आपल्या एका प्रसिद्ध निबंधांत याचें रहस्य सांगितलें: तोच ग्रंथ येणाऱ्या लोकांतहि हातोहात फिरत होता. काय बोललें असतां मान्यता मिळते हें त्यांनीं पाठ केलें होतें. वैद्य आपल्याच पुस्तकाचा प्रतिध्वनि ऐकून संतुष्ट होत होते.

घुग्घुसास पुस्तक नव्हतें, मोबाईल होता. पहिल्या भेटीनंतर मुलाची दूरच्या शहरांतील तशाच दोघांशीं ओळख झाली होती, आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीं त्यांनीं त्यास तयार केलें होतें. तें सर्व मुलानें आम्हांस पुढें सांगितलें. शंका आहे असें चुकूनहि म्हणावयाचें नाहीं. लहानपणापासून बाहुल्यांशींच खेळलों असें सांगावयाचें, क्रिकेट आवडतें हें सांगावयाचें नाहीं. जीव द्यावासा वाटला होता काय असें विचारल्यास फार वेळां म्हणूं नये, कारण मग आधीं त्याचेंच औषध सुरू करतात. एकदांहि नाहीं असेंहि म्हणूं नये, कारण मग गरज काय असें वाटतें. एकोणीस-वीस वर्षांचें पोर हें सर्व पाठ करीत होतें. आणि त्याला क्रिकेट आवडतें, हें घरांतील प्रत्येकास ठाऊक आहे. क्रिकेट आवडणें आणि मुलगी असणें यांत विरोध कसला, हा प्रश्न आमच्या पुतणीनें आम्हांस विचारला, तेव्हां आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

महाभारताच्या उद्योगपर्वांत शिखंडीची कथा आहे. ती आपण भीष्माच्या निमित्तानें ऐकतों. पण मधला भाग कथेकरीबुवा बहुधा उरकून घेतात. द्रुपदानें कन्येस पुत्र म्हणून वाढविलें, दशार्ण देशच्या हिरण्यवर्मा राजाच्या मुलीशीं लग्न लावून दिलें, आणि गुपित फुटल्यावर हिरण्यवर्मा चालून आला. प्राण देण्याच्या निश्चयानें शिखंडी वनांत गेली. तेथें स्थूण नांवाचा यक्ष होता. त्यानें विचारलें, हें सर्व कशासाठीं चाललें आहे? सांग, मी तें करीन. ती म्हणाली, तें होण्यासारखें नाहीं. यक्ष म्हणाला कीं, मी कुबेराचा अनुचर आहें, देऊं नये तेंहि देईन, तूं बोल. असें वचन मिळालें, आणि मग शिखंडीनें आपला सर्व वृत्तांत आरंभापासून शेवटपर्यंत त्यास सांगितला. हा क्रम लक्षांत घेण्यासारखा आहे. आधीं भय गेलें, मग सत्य बाहेर आलें. हिरण्यवर्म्यानें काय केलें? शिखंडी पुरुष आहे कीं नाहीं याची खात्री करून घेण्यास चतुर स्त्रिया पाठविल्या, आणि त्यांचा अहवाल आल्यावर स्वारी संतुष्ट झाली. यक्षाचें काम आणि हिरण्यवर्म्याचें काम, हीं दोन्ही आपण आज एकाच खुर्चीवर बसविलीं आहेत.

दुसऱ्या वेळीं आमचें दैव बरें. ओळखीच्या एका वैद्यांनीं एका समुपदेशक बाईंचें नांव सुचविलें. त्यांनीं आम्हांस दारांतच नमस्कार करून बाहेरचें बांकडें दाखविलें. आंत गेल्यावर मुलास काय सांगितलें तें मुलाकडूनच कळलें. त्या म्हणाल्या कीं, पत्र देणें माझ्याकडे नाहीं; तें दुसरे डॉक्टर पाहतील; तुम्ही इथें जें बोलाल तें तुमच्या परवानगीशिवाय त्यांच्याकडे जाणार नाहीं; आणि तुम्हांला स्वतःविषयीं कोणत्या शब्दानें बोलायचं असेल त्या शब्दानें बोला. दोन भेटी मूल पाठ केलेलेंच बोललें. संवय एकदम सुटत नाहीं. तिसऱ्या भेटींत तें रडलें, आणि चौथ्या भेटींत त्यानें खरे प्रश्न विचारले.

ते प्रश्न वाचकांस सांगितले पाहिजेत, कारण पत्राच्या लोभानें तेच नेमके गिळून टाकले जातात. हॉर्मोन घेतल्यावर आवाज बायकांसारखा होईल काय? होत नाहीं, एकदां फुटलेला आवाज गोळ्यांनीं परत येत नाहीं, त्यासाठीं बोलण्याचा अभ्यास करावा लागतो. दाढी जाईल काय? केस कांहींसे विरळ होतात, पण जात नाहींत; त्याचे उपचार निराळे. किती दिवस लागतील? महिने नव्हेत, दोन-तीन वर्षें. पुढें कधीं मूल व्हावें असें वाटलें तर? हॉर्मोन सुरू करण्यापूर्वींच बीज साठवून ठेवण्याचा विचार करावा लागतो. छातींत होणारा बदल औषध थांबविलें तरी राहतो. शस्त्रक्रिया केलीच पाहिजे काय? मुळींच नाहीं. आणि सर्वांत शेवटीं, आजी हातचें पाणी घेईल काय? याचें उत्तर बाईंजवळ नव्हतें. तें त्यांनीं तसेंच सांगितलें, असें मूल म्हणालें, आणि त्यामुळेंच बाकीच्या उत्तरांवर त्याचा विश्वास बसला.

आपल्या महाराष्ट्रांत या विषयाचा सर्वांत गाजलेला प्रसंग बीड जिल्ह्यांतील माजलगांवचे पोलीस शिपाई ललित साळवे यांचा. स्त्री म्हणून पोलिसांत भरती झालेल्या साळवे यांनीं २०१७ सालीं शस्त्रक्रियेसाठीं रजा मागितली आणि पुढें पुरुष शिपाई म्हणून चाकरींत राहूं द्यावें अशी विनंति केली. ती नाकारली गेली. मुंबई उच्च न्यायालयानें त्यांस प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाण्यास सांगितलें. अखेर सरकारनें परवानगी दिली आणि २५ मे २०१८ रोजीं मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयांत पहिली शस्त्रक्रिया झाली. २०२० सालीं त्यांचें लग्न झालें, आणि २०२४ च्या जानेवारींत त्यांस पुत्र झाला. घरोघरीं ही बातमी कौतुकानें वाचली गेली; आमच्या बहिणीच्या सासूबाईंनींहि ‘पोराचं कल्याण झालं’ असें म्हटलें होतें. मात्र तेथें एक गोष्ट होती. वैद्यकीय तपासणींत साळवे यांच्या शरीरांत पुरुषाचें वाय गुणसूत्र आढळलें होतें. रक्तांत पुरावा सांपडला कीं लोकांचें मन लवकर वळतें. अॅग्नेसनें तसा पुरावा गोळ्या खाऊन निर्माण केला. ज्याच्या रक्तांत कांहीं सांपडत नाहीं, ज्याच्याजवळ स्वतःच्या शब्दाखेरीज पुरावा नाहीं, त्याचें काय? आमच्या लेंकराच्या तपासण्या सर्व स्वच्छ आल्या, तेव्हां मेहुणे आनंदानें म्हणाले, “म्हणजे कांहींच नाहीं.” मूल दोन दिवस जेवलें नाहीं.

कायदा याबाबतींत घरापेक्षां पुढें चालत आला. आसामांतून मुंबईस आलेल्या एकवीस वर्षांच्या एका व्यक्तीची ठरलेली शस्त्रक्रिया आईबापांच्या विरोधामुळें अडली, तेव्हां २०१२ च्या मे महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयानें सांगितलें कीं, सज्ञान माणसास अशी शस्त्रक्रिया करून घेण्यास कोणत्याहि कायद्याची आडकाठी नाहीं. १५ एप्रिल २०१४ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें लिंगाची ओळख ठरविण्यास शस्त्रक्रियेचा आग्रह धरणें गैर व बेकायदेशीर ठरविलें. २०१९ च्या कायद्यांत तर हॉर्मोन व शस्त्रक्रिया यांच्या आधीं व नंतर समुपदेशनाची व्यवस्था सरकारनें करावी, असें कलम घातलें गेलें. आणि ‘लग्न करून टाका’ किंवा ‘औषधानें सरळ करतों’ असें म्हणणाऱ्यांस, २०२२ सालीं राष्ट्रीय वैद्यक आयोगानें, असले पालट घडविण्याचे ‘उपचार’ हें व्यावसायिक गैरवर्तन होय, असें बजाविलें. आम्हांस बाजूला घेणाऱ्या त्या डॉक्टरांनीं तें वाचलें नसावें.

या आयोगास जाग आणणारा मूळ निकाल मद्रास उच्च न्यायालयाचा, ७ जून २०२१ चा. तो देणारे न्यायमूर्ति एन. आनंद व्यंकटेश यांची एक गोष्ट आम्हांस निकालाहूनहि मोठी वाटते. दोन तरुणींचें प्रकरण समोर आलें असतां त्यांनीं उघड न्यायालयांत कबूल केलें कीं, या विषयीं आपल्याच मनांत जुने समज आहेत. आणि निकाल लिहिण्यापूर्वीं ते स्वतः एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे शिकण्यासाठीं जाऊन बसले. उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ति! आपल्या घरांतून मुलास मानसोपचारासाठीं पाठवितांना आपणहि एक वेळ ठरवून तेथें जावें, असें किती काकांस, किती आजोबांस सुचतें? आम्हांस सुचलें नव्हतें. हें वाचल्यानंतर आम्ही त्याच बाईंकडे दोनदां गेलों. एकदां मेहुण्यांस घेऊन. मेहुणे पहिला अर्धा तास फक्त खाणीविषयीं बोलले. बाईंनीं तेंहि ऐकून घेतलें.

आतां थोडें व्यवहाराचें. घुग्घुससारख्या गांवाहून अशा जाणत्या माणसापर्यंत पोंचणें हेंच अर्धें दुखणें आहे. चंद्रपुरास २०१५ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण हॉर्मोन व शस्त्रक्रिया यांचा अनुभव असलेले वैद्य बहुतेक नागपुरास किंवा त्याहूनहि लांब. नागपूर सुमारें दीडशें किलोमीटर. जाऊन येण्यांत दिवस मोडतो, रजा मोडते, आणि कोठें गेला होतां या प्रश्नास एक खोटें उत्तर तयार ठेवावें लागतें. मध्यंतरीं एक चांगली गोष्ट घडली होती. हैदराबादेस २०२१ सालीं ट्रान्सजेंडर लोकांसाठीं, बव्हंशीं त्यांच्याचकडून चालविला जाणारा दवाखाना निघाला, आणि मागोमाग तसेच कल्याण व पुणें येथें निघाले. समुपदेशन आणि हॉर्मोनचा सल्ला एका छपराखालीं, आणि समोर बसलेला माणूस त्याच वाटेनें आलेला. बल्लारपुरावरून दक्षिणेकडे जाणारी गाडी धरली कीं हैदराबाद आपल्या जिल्ह्यास तसें फार दूर नाहीं. परंतु त्यांस पैसा अमेरिकन सरकारच्या मदतीचा होता. तो २०२५ च्या आरंभीं थांबला आणि तिन्ही दवाखान्यांचीं दारें लागलीं. परक्याच्या ओसरीवर मांडलेलें बिऱ्हाड असेंच उठतें.

केंद्र सरकारनें २०२२ च्या ऑक्टोबरांत टेलि-मानस नांवाची दूरध्वनि-सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर मनाच्या तक्रारी बोलतां येतात. तिचा उपयोग आमच्या लेंकरानें एका वाईट रात्रीं केला. परंतु ज्या घरांत दहा माणसें आहेत तेथें फोनवर बोलावयाचें कोठें? एकत्र कुटुंबाचे गुण आम्हीं यापूर्वीं अनेकदां गाइले आहेत आणि ते खोटे नाहींत; आजारपणांत, बाळंतपणांत, मरणांत त्या घरासारखें घर नाहीं. पण त्या घरांत दार लावून बसण्याची खोली नसते, आणि कोणीं दार लावलें तर तीन माणसें तें वाजवितात. मूल गच्चीवर पाण्याच्या टांकीमागें उकिडवें बसून बोललें. मे महिन्यांतली चंद्रपूरकडची रात्र, टांकीची भिंत तापलेली. बहिणीला हें कळल्यावर तिनें दुसऱ्या दिवशीं धान्याची कोठी रिकामी करून तींत एक खाट टाकली, आणि घरांत जाहीर केलें कीं, हिचें दार आंतून लावलेलें असेल तेव्हां कोणींहि हांक मारूं नये. ‘हिचें’ म्हणजे कोठीचें, असें सर्वांनीं धरलें. बहिणीनें खुलासा केला नाहीं.

गेल्या महिन्यांत दुसऱ्या डॉक्टरांची भेट झाली, ते जे पत्र देतात त्यांची. आम्ही बाहेर बसलों होतों. मूल पाऊण तासानें बाहेर आलें तें हंसतच. क्रिकेटविषयीं विचारलें होतें आणि त्यानें खरें सांगितलें होतें. पत्र मिळालें आहे. हॉर्मोन घ्यावयाचे, शस्त्रक्रियेचा विचार तूर्त नाहीं, असें तिनें ठरविलें आहे. मेहुणे अजून त्याविषयीं बोलत नाहींत, पण तपासणीचे पैसे त्यांनींच दिले.

घुग्घुसास परत पोंचावयास रात्रीचे नऊ वाजले. सासूबाई ओटीवर जपाची माळ घेऊन बसल्या होत्या. त्यांस आतां दिसतें कमी. चाहूल लागतांच त्यांनीं विचारलें, “कोण आलं?”

आम्ही चपला काढीत होतों. दारांतून आवाज आला, “मी आलें, आजी.”

माळ थांबली. थोड्या वेळानें त्या म्हणाल्या, “हातपाय धुऊन घे. भात निवला असेल.”